रोमचा प्रभाव मोजताना तेर आणि भोकरदन वगळू नयेत

प्रति,
मा. संपादक,

विषय : प्राचीन रोमच्या संस्कृतीचा प्रभाव या विषयावरील लेख व त्यावरील पत्रव्यवहार

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत प्राचीन रोमच्या दैवतकथांचा आणि संस्कृतीचा नंतरच्या समाजांवर पडलेला प्रभाव या विषयावरील लेख वाचला. प्रबोधनकाळातील चित्रकला, फ्रान्सचा १८०४ चा दिवाणी कायदा, वॉशिंग्टनमधील खांबांच्या रांगांची सरकारी भवने, ग्रहांची पाश्चात्त्य नावे असे बरेच काही त्यात आले आहे आणि जे आले आहे ते बहुतांशी बरोबर आहे. मात्र तो लेख वाचून कोणाचाही असा समज व्हावा की, हा सगळा व्यवहार युरोपचा आणि फार तर अमेरिकेचा. आपल्याकडे रोम आला तो थेट इंग्रजांबरोबर. पुढच्या आठवड्यात प्रसिद्ध झालेल्या एका पत्रात याच्या अगदी उलट टोक गाठले गेले. रोमचे देव मुळात आपलेच असून नावे बदलून तिकडे गेले, असे त्या पत्रलेखकाचे ठाम म्हणणे आहे. धाराशिव जिल्ह्यात बरीच वर्षे इतिहास शिकवलेला एक शिक्षक म्हणून मला ही दोन्ही मते मान्य होण्यासारखी वाटत नाहीत, आणि त्याचे कारण आपल्या मराठवाड्याच्या जमिनीतच सापडते.

आधी पत्रलेखकाच्या म्हणण्याविषयी. साम्य दिसले की प्रभाव सिद्ध झाला, असे होत नाही. रोमचा ज्युपिटर आणि ऋग्वेदातील द्यौस् पितर यांच्यात नाते आहे हे भाषाशास्त्राने केव्हाच मान्य केले आहे. पण ते एकाच जुन्या घराण्यातून फुटलेल्या दोन शाखांचे नाते आहे, उसनवारीचे नव्हे. काही साम्ये तर तेवढ्याही नात्याची नसतात. रोमन घरात कुलदेवतांसाठी भिंतीत छोटे देवघर असे, पॉम्पेईच्या घरांत ती आजही पाहता येतात. फेब्रुवारीत १३ ते २१ या दिवसांत रोमन माणूस पितरांच्या थडग्यांवर नैवेद्य ठेवत असे. आणि इसवी सनपूर्व २०४ मध्ये, कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी युद्ध चालू असताना, आशिया मायनरमधून सिबिली या महामातेला रोममध्ये समारंभाने आणले गेले ती मूर्तीच्या रूपात नव्हे, तर एका काळ्या शिळेच्या रूपात. माहूरच्या रेणुकेचा तांदळा, म्हणजे शिळारूपातील देवीचे मुख, ज्याने पाहिला आहे त्याला हे वाचताना ओळखीचे काही भेटल्यासारखे वाटणारच. परंतु माहूरहून कोणी रोमला गेले नाही आणि तिकडून कोणी माहूरला आले नाही. दगडात देवी पाहण्याची बुद्धी माणसाला अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे झालेली आहे. तिथे देवाणघेवाणीचा पुरावा नसताना ती झाली असे म्हणणे हा इतिहास नव्हे.

सिबिलीच्या उदाहरणातून आणखी एक गोष्ट दिसते, जी मूळ लेखात यायला हवी होती. ज्या रोमचा प्रभाव आपण मोजतो आहोत तो रोम स्वतः मोठा घेणारा होता. ग्रीकांच्या देवकथा त्याने जवळजवळ जशाच्या तशा उचलल्या, इजिप्तची इसिस आणली, इराणी नावाच्या मिथ्राची उपासना त्याच्या सैन्यात पसरली. तरी प्रत्येक वेळी घेतलेल्या वस्तूला त्याने आपला साचा दिला. युद्धाचा ग्रीक देव एरीस हा ग्रीकांनाच फारसा प्रिय नव्हता. त्याच्याशी जोडला गेलेला रोमन मार्स मात्र रोमचा संस्थापक रोम्युलस याचा पिता, म्हणून राष्ट्राचा पूर्वज, आणि शेताचा राखणदारही. कॅटो या रोमन लेखकाच्या शेतीविषयक ग्रंथात शिवाराची प्रदक्षिणा घालून पीक आणि गुरे राखण्यासाठी मार्सला घालायचे गाऱ्हाणे शब्दशः दिलेले आहे. म्हणजे कथा ग्रीकांच्या, पण देव रोमच्या शेतकऱ्याचा. प्रभाव या गोष्टीत देणाऱ्याइतकाच, किंबहुना थोडा अधिक, घेणाऱ्याचा हात असतो आणि मराठवाड्याबाबत मला नेमके हेच म्हणायचे आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली आहे. ‘पेरिप्लस’ या नावाने ते पुस्तक इतिहासाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. त्यात बॅरिगाझापासून, म्हणजे आजच्या भरूचपासून, दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे नगर असल्याची नोंद आहे. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तगरहून साधे कापड, तऱ्हेतऱ्हेची तलम वस्त्रे असा माल मोठ्या बिनरस्त्याच्या मुलखातून गाड्यांवर लादून भरूचला उतरवला जाई. हे तगर म्हणजे तेरणेकाठचे तेर, हे शिलालेखांचे अभ्यासक जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले. (व्यापाऱ्याची पूर्व दिशा आपण जरा सैल हाताने घ्यावी; तेर पैठणच्या आग्नेयेस आहे. पण ऐकीव माहितीवर लिहिणाऱ्या परदेशी माणसाला इतकी सवलत द्यायला हरकत नसावी.) या व्यापाराचा तोल कोणीकडे झुकत होता, याची तक्रार रोममध्येच झालेली आहे. भारतात दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) जातात आणि तिथला माल इथे शंभरपट किमतीला विकला जातो, असे प्लिनी या रोमन लेखकाने त्याच शतकात वैतागून लिहिले.

या संपर्काची खूण तेरला आजही डोळ्यांनी पाहता येते. तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातील जुन्या वस्तीच्या पांढरीच्या टेकाडांवरून, शेतातून, नदीकाठावरून आयुष्यभर वेचलेल्या वस्तूंवर तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे आहे. त्यातील दोन प्रकारच्या वस्तू या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे रोमन नाण्यांच्या छापावरून घडवलेली मातीची पदके. दख्खनमध्ये ती इतरत्रही मिळतात. त्यांच्यावर सम्राटाचा मुखवटा असतो. पण वरच्या बाजूला दोरा ओवण्यासाठी कडी किंवा भोक ठेवलेले असते. म्हणजे ज्या नाण्यावर रोमच्या सत्तेची मुद्रा उमटली होती, त्याचे तेरच्या कारागिराने गळ्यात घालायचे पदक करून टाकले. सम्राट कोण, त्याचे राज्य कुठे, याच्याशी त्या पदकाच्या मालकिणीला काही देणेघेणे नसावे. मुद्रा देखणी होती आणि दूरदेशची होती, एवढे पुरेसे होते. हीच आवड आपल्याकडे पुढेही टिकली. व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांवरून पुतळ्यांची माळ घडली आणि त्या पुतळ्यांत ख्रिस्ती संत उभा आहे याचा कोणाला पत्ताही नव्हता.

दुसरा प्रकार पांढऱ्या, अगदी बारीक मातीच्या पोकळ बाहुल्यांचा. पुढचा भाग एका साच्यात आणि मागचा भाग दुसऱ्या साच्यात काढून दोन्ही जोडण्याची ही पद्धत रोमन जगातून आली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. हातात घेऊन पाहिले तर जोडाची रेघ कानामागून खांद्यावर उतरताना दिसते. मात्र त्या साच्यातून निघालेल्या बाईची केशरचना, कानातली जड कर्णभूषणे, गळ्यातली माळ आणि चेहऱ्याची ठेवण पूर्ण सातवाहनकालीन आहे. तंत्र बाहेरचे, रूप इथले. ज्या गावात पुढे हजारएक वर्षांनी गोरोबाकाका माती तुडवणार होते, तिथल्या कुंभारांनी हे केले आहे, याची नोंद मी केवळ जाता जाता करतो. त्यावरून काही सिद्ध करायचे नाही.

वस्तू इकडूनही तिकडे गेल्या. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत १९३८ मध्ये एक हस्तिदंती स्त्रीप्रतिमा सापडली. ती भारतीय आहे हे अंगावरच्या दागिन्यांवरून पहिल्याच नजरेत कळते. आधी तिला लक्ष्मी म्हटले गेले. आता ती यक्षी असावी आणि एखाद्या आरशाची मूठ किंवा सामानाचा पाय म्हणून वापरली गेली असावी, असे मानण्याकडे कल आहे. ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी जवळचे साम्य असलेली हस्तिदंती प्रतिमा तेरला मिळाली आणि जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या १९७३ च्या उत्खननात आणखी एक, तुटलेली, निघाली. भोकरदन म्हणजे सांची आणि भारहूतच्या दानलेखांत येणारे भोगवर्धन. पॉम्पेईची ती बाई नेमकी कोणत्या गावच्या कारागिराने कोरली यावर एकमत नाही आणि अट्टहासाने ‘ती आमचीच’ म्हणण्यात अर्थ नाही. पण तिच्या सख्ख्या बहिणी शोधायच्या तर जालना आणि धाराशिव या दोन जिल्ह्यांत यावे लागते, एवढे निश्चित आहे. आणि पुराव्याच्या बाबतीत हात आखडता घेण्याचेही कारण आहे. भारतात अनेक ठिकाणी मिळालेली खापरे एकेकाळी रोमन मद्यकुंभांची म्हणून सरसकट नोंदली गेली. फेरतपासणीत त्यांतली बरीच मेसोपोटेमियाकडच्या कुंभांची ठरली. रोमचे नाव दिले की वस्तूचा भाव वाढतो, हा मोह विद्वानांनाही आवरत नाही.

त्याच पॉम्पेईतील एका भिंतीवर शनीपासून सुरुवात करून सात दिवसांची यादी कोणीतरी खरडून ठेवलेली सापडली आहे. माझ्या मते रोमन काळातील जगाकडून आपल्याला मिळालेली सर्वांत मोठी गोष्ट ही आहे आणि लेखात तिचा उल्लेखही नाही. आपले वार आपल्याला इतके अंगवळणी पडले आहेत की, ते वेदकाळापासून चालत आले असावेत असे वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. नाशिकच्या लेण्यातील सातवाहन राजा वाशिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या लेखात काळ सांगितला आहे तो राज्यवर्ष १९, ग्रीष्माचा दुसरा पक्ष, तेरावा दिवस असा. वाराचे नाव नाही, कारण तशी पद्धत नव्हती. वाराचा उल्लेख असलेला आपल्याकडील सर्वांत जुना ज्ञात कालनिर्देश मध्य प्रदेशातील एरणच्या स्तंभलेखात आहे. गुप्त राजा बुधगुप्ताच्या काळचा, गुप्त संवत् १६५ चा, म्हणजे इसवी सन ४८४ चा, आणि वार आहे गुरुवार.

वारांचा क्रम असाच का, याचे उत्तर तिसऱ्या शतकातील रोमन इतिहासकार डिओ कॅसिअसने दिले आहे आणि ते आपल्या पंचांगातील होरांच्या कोष्टकात आजही जसेच्या तसे आहे. पृथ्वीवरून पाहता सर्वांत संथ शनी, मग गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध आणि सर्वांत चपळ चंद्र, असा क्रम धरायचा आणि दिवसाच्या २४ तासांवर हे सात ग्रह पुन्हा पुन्हा फिरवायचे. पहिला तास शनीचा असेल तर आठवा, पंधरावा आणि बाविसावाही शनीचाच. तेविसावा गुरूचा, चोविसावा मंगळाचा आणि पंचविसावा, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला, रवीचा. म्हणून शनिवारानंतर रविवार. त्याच हिशेबाने रवीनंतर चंद्र, चंद्रानंतर मंगळ. शंका असेल त्याने कागद-पेन्सिल घेऊन करून पाहावे, हिशेब चुकत नाही. चोवीस तास इजिप्तचे, ग्रहगणित बाबिलोनी आणि ग्रीक, ग्रहांना लावलेली देवांची नावे युरोपात रोमन, आणि आपल्यापर्यंत हे सारे पोहोचले ते रोमच्या सत्तेखालील अलेक्झांड्रियाच्या ज्योतिषाबरोबर. वराहमिहिराने सहाव्या शतकात ज्या पाच ज्योतिष-सिद्धान्तांचा परामर्श घेतला त्यांतील एकाचे नावच रोमक सिद्धान्त आहे. त्याला ते नाव ठेवताना संकोच वाटला नाही.

आता घेणाऱ्याने काय केले ते पाहावे. मंगळवार रोमच्या मार्सचा आणि तोच वार आपल्याकडे तुळजाभवानीचा. सोमवारी परळी, औंढा आणि वेरूळ या तिन्ही ज्योतिर्लिंगांना गर्दी लोटते. गावोगावचे आठवडी बाजार वारावर बसवलेले आहेत आणि सोयरीक, उधारी, मजुरांचा हिशेब हे सगळे बाजाराच्या वारावर. रविवार तर फार लांबचा प्रवास करून आला. सम्राट कॉन्स्टन्टाइनने ३२१ मध्ये सूर्याचा दिवस म्हणून रविवारी न्यायालये आणि शहरातील व्यवसाय बंद ठेवण्याचा हुकूम काढला, मात्र शेतकऱ्याला त्यातून वगळले; कारण पेरणीची वेळ हुकली तर ती पुन्हा येत नाही. (शेतकऱ्याला सुट्टी नाही, ही परंपरा किती जुनी आहे ते यावरून कळावे.) आणि रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी हीच सुट्टी मागितली तेव्हा रविवार हा आमच्या खंडोबाचा वार आहे, असे कारण दिले. १० जून १८९० रोजी ती मंजूर झाली. मल्हारी मार्तंडाच्या नावाने मिळालेल्या त्या सुट्टीमागे रोमन सम्राटाचा हुकूम होता हे कामगाराला ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि ठाऊक असते तरी त्याने तो वार सोडला नसता.

महिन्यांची गोष्ट तुलनेने अलीकडची आहे. ज्युलिअस सीझरने इसवी सनपूर्व ४५ पासून लागू केलेली दिनदर्शिका १५८२ मध्ये दुरुस्त झाली आणि इंग्रजांबरोबर इकडे आली. मराठवाड्यात तर ती आणखी उशिरा रुळली, कारण निजामी राजवटीत महसुली दफ्तर फसली सनावर चाले. जमिनीचे जुने कागद काढले की अजूनही फसली सनात ५९० मिळवून इसवी सन काढावे लागते. आज आमचा शेतकरी मृग आणि आर्द्रा पाहून पेरतो, पण खरीप पीक विम्याचा अर्ज मात्र साधारणपणे ३१ जुलैच्या आत, म्हणजे ज्युलिअसच्या महिन्यात, भरतो. इतकेच नव्हे, तर आपल्या पंचांगांतून आणि कुंडल्यांतून नेपच्यून हा रोमन समुद्रदेव खुशाल बसलेला आहे. तो ग्रह १८४६ मध्ये सापडला, तेव्हा त्याचे फळ ऋषिमुनींनी सांगितले असणे शक्य नाही. तरी ते सांगणारे भेटतात.

कायद्याच्या बाबतीत मात्र मूळ लेखाने थोडी घाई केली आहे. सम्राट जस्टिनियनने ५२९ ते ५३४ या काळात संकलित करून घेतलेल्या रोमन कायद्याचा युरोपातील देशांवर थेट प्रभाव पडला, हे खरे. आपल्याकडील न्यायपद्धती मात्र इंग्लंडच्या वळणाची आहे. छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात हेबिअस कॉर्पसची, म्हणजे अटकेतील माणसाला न्यायालयापुढे हजर करा अशी मागणी करणारी, याचिका दाखल झाल्याची बातमी आपण छापता तेव्हा शब्द लॅटिन असतो, पण तो हक्क रोमने दिलेला नाही, इंग्लंडच्या न्यायालयांत तो घडला. डोळ्यांवर पट्टी बांधलेली न्यायदेवताही अशीच. रोमने जस्टिशियाला देवी मानले, तिचे नाव आणि मुख नाण्यांवर छापले. पण पट्टी तिच्या डोळ्यांवर चढली ती पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात, आणि तीही प्रारंभी थट्टा म्हणून. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील नव्या मूर्तीची पट्टी निघाली, तलवारीच्या जागी संविधान आले आणि अंगावर साडी आली, तेव्हा रोमचा वारसा पुसला गेल्याची हाकाटी काहींनी केली होती. खरे पाहता डोळे उघडे असलेली ही मूर्ती, त्या एका बाबतीत, रोमन देवीच्या अधिक जवळची आहे.

या विषयावर आपण पुढेही लेख छापणार आहात असे त्या लेखाखालील टिपेवरून दिसते. त्या दृष्टीने दोन सूचना करतो. आमच्या भागातील शाळांच्या सहली अजिंठा-वेरूळला जातात, आणि जाव्यातच. परंतु लातूर, बीड, धाराशिव या जिल्ह्यांतील शाळांना तेर एका दिवसात जाऊन-येऊन होण्यासारखे आहे. तिथे काय पाहावे, कशासमोर थांबावे, पदकावरचा मुखवटा कोणाचा आणि कडी कशासाठी, हे पाचवी-सहावीच्या मुलांना समजेल अशा मराठीत आपल्या पुरवणीने एका पानात द्यावे. शिक्षक ते कात्रण खिशात घालून जातील. भोकरदनला मिळालेल्या प्रतिमेचे आणि नेपल्समधील प्रतिमेचे छायाचित्र शेजारीशेजारी छापावे. त्यावर वेगळे भाष्य करण्याची गरज पडणार नाही.

दुसरे असे की, लेखासोबत जो नकाशा छापला आहे त्यात रोमच्या सागरी व्यापाराची तुटक रेघ भरूचच्या किनाऱ्यावर येऊन थांबली आहे. पुढच्या वेळी ती तिथे थांबवू नये; पेरिप्लसच्या लेखकाने जशी नेली आहे तशी वीस दिवस दक्षिणेस पैठणपर्यंत आणि तेथून आणखी दहा दिवस तेरपर्यंत न्यावी.

कळावे,

आपला नम्र,
एक निवृत्त इतिहास शिक्षक,
जि. धाराशिव